मधला खांब : नवा कीं कसलेला ?

हातचें सोडून पळत्याच्या पाठीस लागूं नये, अशी आपल्याकडे जुनी शिकवण आहे. आणि मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, हीहि तितकीच जुनी. पहिली म्हण मानणारा मनुष्य कसलेल्या गड्याचा हात घट्ट धरून बसेल. दुसरी मानणारा पाळण्याकडे धांव घेईल. या दोन म्हणींचा तंटा अमेरिकेंत गेल्या पाऊणशें वर्षांत एका खेळाच्या निमित्तानें जितका उघडपणें, आणि जितका पैसा ओतून, लढला गेला, तितका दुसरीकडे क्वचितच लढला गेला असेल. तो खेळ म्हणजे बास्केटबॉल. आणि तंटा ज्याच्यावरून, तो त्या खेळांतील मधला गडी, ज्यास सेंटर म्हणतात.

खेळ आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. वाय्. एम्. सी. ए. या संस्थेनें तो हिंदुस्थानांत आणला. मद्रासेस १९२० सालीं तिनें शारीरिक शिक्षणाचें कॉलेज काढलें. आणि मुंबईच्या नागपाड्यांत तर या खेळाचें वेड पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलें. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ नांवाच्या शिक्षकानें व्यायामशाळेच्या सज्जास पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, त्या जमिनीपासून दहा फुटांवर आल्या. सज्जा तेवढा उंच होता, यापलीकडे त्या आंकड्यास कारण नव्हतें. पुढें टोपलीची लोखंडी कडी झाली, नियमांचीं पुस्तकें जाड झालीं, पण दहा फूट ते दहा फूटच राहिले. आणि या एका आंकड्यामुळें सात फूट उंचीचा मनुष्य, जो आगगाडीच्या डब्यांत शिरतांना डोकें आपटून घेतो, तो या एका अंगणांत राजा ठरला. कडीजवळ उभें राहून समोरच्याचा चेंडू अडवावा, फळीवरून उसळलेला चेंडू वरच्यावर झेलावा, आणि आपल्या बाजूचा चेंडू कडींतून खालीं सोडावा, हें त्याचें काम. चेंडू फेंकणें शिकवितां येतें, दम वाढवितां येतो. उंची ज्याला जेवढी मिळाली तेवढी. असे लोक थोडे, त्यांत चपळ थोडे, आणि चपळांतहि ज्यांचे गुडघे व पाऊल तो भार दहा वर्षें सोसतील असे फारच थोडे.

हे थोडे लोक मिळवावयाचे मार्ग दोन. धंदेवाईक संघांची जी मुख्य मंडळी, नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, ती १९४६ सालीं दुसऱ्या नांवानें निघाली, आणि १९४९ सालीं एका प्रतिस्पर्धी मंडळीस पोटांत घेऊन तिनें आजचें नांव घेतलें. १९४७ पासून ती दरवर्षीं नवागत तरुणांची संघांमध्यें वांटणी करते. तीस ड्राफ्ट म्हणतात. या वांटणीचा न्याय उफराटा आहे. जो अधिक हरला त्यास आधीं निवडण्याचा हक्क. १९६६ पासून १९८४ पर्यंत शेवटच्या दोन संघांमध्यें नाणें उडवून पहिला हक्क ठरवीत; मुद्दाम हरण्याचा मोह संघांस होऊं लागला म्हणून १९८५ पासून सोडत काढूं लागले. दुसरा मार्ग अदलाबदलीचा. आपले दोनतीन गडी, किंवा पुढील वर्षाच्या ड्राफ्टमधील आपला हक्क, दुसऱ्या संघास द्यावा आणि त्याचा तयार सेंटर घ्यावा.

वरवर पाहतां प्रश्न सोपा दिसतो: आशा विकत घ्यावी कीं अनुभव ? पण दोन्ही मार्गांच्या तोंडाशीं एकेक कांटा आहे. तरुण हातीं येतो तो आपण हरलों म्हणून. कसलेला हातीं येतो तो दुसऱ्यानें सोडला म्हणून. पहिल्याच्या येण्याच्या वेळीं आपलें घर पडकें असतें. दुसऱ्याच्या येण्याच्या वेळीं देणाऱ्याच्या मनांत कांहीं तरी असतें, जें तो सांगत नाहीं. आमच्या मतें या तंट्याचा निकाल खेळाडूच्या वयावर लागत नाहीं. घेणाऱ्याचें घर किती उभें आहे, आणि देणारा कां देतो आहे, या दोन गोष्टींवर लागतो. पुढील हकीकती याच दृष्टीनें वाचाव्या.

पहिला मोठा सेंटर जॉर्ज माइकन हा ना ड्राफ्टनें आला, ना अदलाबदलीनें. १९४७ सालीं एक नवी मंडळी महिन्याभरांत बुडाली आणि तिचे खेळाडू वांटले गेले. मिनिआपोलिसच्या लोकांनीं नुकताच डेट्रॉइटचा असा एक संघ विकत घेतला होता कीं ज्यानें ४४ सामन्यांपैकीं ४० घालविले होते. त्या अपकीर्तीच्या वारशानें पहिली निवड त्यांस मिळाली. ६ फूट १० इंच उंचीच्या या चष्मेवाल्या पुरुषानें मिनिआपोलिसच्या लेकर्स संघास १९४८ ते १९५४ या काळांत सहा अजिंक्यपदें मिळवून दिलीं, आणि त्याला आवरण्यासाठीं १९५१ सालीं कडीखालचा पट्टा सहा फुटांचा बारा फूट रुंद करावा लागला. एका माणसासाठीं अंगणाची आंखणी बदलते, तेव्हां त्या माणसासारखा दुसरा शोधावयास सर्वजण निघतात, यांत नवल नाहीं.

तो दुसरा १९५६ सालीं दिसला. पण ज्यांना तो दिसावयास हवा होता त्यांना दिसला नाहीं. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा बिल रसेल, उंची सुमारें पावणेसात फूट; त्याच्या विद्यापीठानें १९५५ व १९५६ अशीं दोन वर्षें कॉलेजांचें अजिंक्यपद जिंकलें होतें. तरी त्याच्याविषयीं शंका होत्या. त्याला दुरून चेंडू टाकतां येत नाहीं, तो केवळ अडविणारा आहे, असें म्हणत. शिवाय त्या वर्षींचें ऑलिंपिक मेलबोर्नला नोव्हेंबर-डिसेंबरांत व्हावयाचें असल्यामुळें हंगामाच्या आरंभीं तो येणारच नव्हता. पहिला हक्क रॉचेस्टरच्या रॉयल्स संघाचा होता. त्यांच्याकडे मॉरिस स्टोक्स हा जबरदस्त गडी आदल्याच वर्षीं आला होता. उसळलेला चेंडू झेलण्यांत त्याची बरोबरी करणारे थोडे. घरांत असा पुरुष असतां दुसरा कशास, असा सरळ हिशेब करून त्यांनीं सिहुगो ग्रीन या उंचीनें बेताच्या खेळाडूस निवडलें. दुसरा हक्क सेंट लुईच्या हॉक्स संघाचा. त्यांनीं रसेलला निवडलें, आणि लगेच बॉस्टनच्या सेल्टिक्स संघास देऊन टाकलें.

मोबदला काय घेतला, तो पाहण्यासारखा आहे. बॉस्टननें एड मकॉली दिला. तो त्यांचा कसलेला सेंटर, १९५१ च्या पहिल्या ऑल-स्टार सामन्यांतील सर्वोत्कृष्ट खेळाडू. त्याच्याबरोबर क्लिफ हेगन दिला. त्याला बॉस्टननें १९५३ सालींच निवडलें होतें, पण लष्करी सेवेमुळें तो अद्याप त्यांच्यासाठीं एकहि सामना खेळला नव्हता. म्हणजे हातचा दिला आणि पळता घेतला. म्हणीच्या अगदीं विरुद्ध. बॉस्टनचे शिक्षक रेड आउअरबाक यांना हें धाडस कां परवडलें ? कारण त्यांचें घर उभें होतें. बॉब कूझी व बिल शर्मन हे पुढचे दोघे देशांतल्या पहिल्या प्रतीच्या खेळाडूंत मोडत. संघ धांवे, चेंडू टाकी, गुण मिळवी. पण फळीवरून उसळलेला चेंडू त्याच्या हातीं पुरेसा येत नसे, आणि चेंडूच हातीं नाहीं तर धांवावयाचें काय घेऊन? सहा वर्षें हा संघ चांगला म्हणून गाजला आणि अंतिम सामन्यापर्यंत एकदांहि पोंचला नाहीं. रसेलला कूझीसारखे गुण मिळवावयाचे नव्हतेच. कूझीच्या हातीं चेंडू पडेल एवढें करावयाचें होतें. त्याच्या अंगीं जो उणेपणा म्हणत, त्याची भरपाई घरांत अगोदरच तयार होती.

हॉक्सचे मालक मूर्ख होते असें मागाहून म्हणण्याची चाल पडली आहे. आम्हांस ती पसंत नाहीं. मकॉली मूळचा सेंट लुईचा, तेथल्याच विद्यापीठांत शिकलेला. लहान मुलाच्या आजारपणामुळें त्यालाहि आपल्या गांवीं परतावयाचें होतें. लोक ज्याला ओळखतात तो परत आला तर प्रेक्षक वाढतील, हा विचार वेडेपणाचा नव्हता. दुसरी गोष्ट अधिक कडू आहे: सेंट लुई शहरांत तेव्हां वर्णभेदाचे रिवाज कडक होते, आणि रसेल कृष्णवर्णीय होता. १९५८ चा विजयी हॉक्स संघ सगळा गोऱ्या खेळाडूंचा होता, हें या हिशेबांतून वगळतां येत नाहीं. होय, विजयी. १९५७ च्या अंतिम झुंजींत घेणारा व देणारा समोरासमोर आले. सातवा सामना दोन जादा डावांनंतर बॉस्टननें १२५ विरुद्ध १२३ असा जिंकला. पुढच्या वर्षीं रसेलचा घोटा दुखावला, आणि मकॉली व हेगन ज्या संघांत होते त्या हॉक्सनीं अजिंक्यपद नेलें. दोन वर्षांअखेर हिशेब बरोबरीचा होता. मग १९५९ पासून १९६६ पर्यंत सलग आठ वर्षें बॉस्टन. पुन्हां १९६८ व १९६९. रसेलच्या तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदें. तरुण घेणाऱ्याचा फायदा दिसावयास वेळ लागतो, आणि तो वेळ काढण्याइतकी ताकद ज्याच्या घरांत असते त्यालाच तो दिसतो.

रॉचेस्टरची कथा मात्र सांगतांना जीव कष्टी होतो. त्यांनीं जो हिशेब केला त्यांत चूक दाखवितां येत नाहीं. स्टोक्स खरोखरच तेवढा थोर होता. १९५८ च्या मार्चांत हंगामाच्या शेवटच्या सामन्यांत तो डोक्यावर पडला, थोड्या दिवसांनीं त्याला झटके आले, आणि पंचविशीच्या आंतच तो जन्माचा पांगळा झाला. त्याचा सोबती जॅक ट्वायमन यानें कायद्यानें त्याचें पालकत्व पत्करलें आणि त्याच्या मृत्यूपर्यंत बारा वर्षें निभावलें. ज्याला आपण ‘कसलेला’ म्हणून निश्चिंत होतों, तोहि हाडामांसाचाच असतो. हें संघांच्या वहींत कोठें लिहिलेलें नसतें.

घरांत दुसरा खांब असेल तर पहिला काढतां येतो, याचें उदाहरण विल्ट चेंबर्लेनचें. सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरियर्सनीं १९६३ सालीं नेट थर्मंड हा तरुण सेंटर ड्राफ्टमधून घेतला होता. त्याच्या भरंवशावर १९६५ च्या जानेवारींत त्यांनीं चेंबर्लेनला तीन गडी व रोकड यांच्या बदल्यांत फिलाडेल्फियास दिलें. १९६७ सालीं फिलाडेल्फियानें अजिंक्यपद जिंकलें, आणि अंतिम झुंजींत समोर कोण, तर थर्मंडला घेऊन आलेले वॉरियर्सच. येथेंहि देणारा व घेणारा समोरासमोर.

आतां नाण्याची गोष्ट. १९६९ सालीं मिल्वॉकी व फीनिक्स हे दोन्ही संघ पहिल्याच हंगामांत सपाटून हरलेले. फीनिक्सनें ८२ पैकीं ६६ सामने घालविलेले, मिल्वॉकीनें ५५. ज्याच्यासाठीं नाणें उडावयाचें तो ल्यू अल्सिंडर, उंची ७ फूट २ इंच. पुढें १९७१ पासून जग त्याला करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखूं लागलें. फीनिक्सनें आपल्या प्रेक्षकांचा कौल घेऊन छाप मागितली, आणि काटा पडला. तो हरलेला मिल्वॉकी पुढच्याच हंगामांत ५६ सामने जिंकला. १९७० सालीं त्यानें ऑस्कर रॉबर्टसन हा मुरलेला खेळाडू अदलाबदलीनें आणला. १९७१ सालीं अजिंक्यपद. पडक्या घरांत तरुण सेंटर आला आणि दोन वर्षांत घर उभें राहिलें, असें ज्याच्याविषयीं म्हणतां येईल असा हाच जवळजवळ एकटा. आणि त्यालाहि रॉबर्टसनचा टेकू लागला.

पण तरुण कायम तरुण राहत नाहीं, आणि कृतज्ञहि राहीलच असें नाहीं. अब्दुल-जब्बार न्यूयॉर्कमध्यें वाढलेला. मिल्वॉकींत त्याचें मन रमेना. १९७४ सालीं त्यानें आपल्याला सोडावें असें संघास सांगितलें, आणि १९७५ च्या जूनमध्यें अठ्ठाविसाव्या वर्षीं तो लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेला. मोबदल्यांत मिल्वॉकीस चार खेळाडू मिळाले. त्यांपैकीं ब्रिजमन व विंटर्स यांनीं इतकें चांगलें नांव काढलें कीं पुढें त्यांचे अंगरख्यांचे क्रमांक संघानें मानानें राखून ठेवले. १९७९-८० पासून सात वर्षें हा संघ आपल्या विभागांत पहिला राहिला. अजिंक्यपद मात्र त्यास पुन्हां मिळालें तें २०२१ सालीं, पहिल्यानंतर पन्नास वर्षांनीं. आणि लेकर्सना तरी लगेच काय मिळालें ? १९७५-७६ सालीं अब्दुल-जब्बार सर्व मंडळींतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, आणि त्याचा संघ जिंकलेल्यांहून हरलेले सामने अधिक मोजून बाद फेरीच्या बाहेर राहिला. चार माणसें देऊन एक माणूस आणला म्हणजे घराच्या तीन भिंती काढून खांब घेतल्यासारखें होतें. भिंती उठावयास चार वर्षें लागलीं. १९७९ सालीं मॅजिक जॉन्सन ड्राफ्टनें आला, आणि १९८० ते १९८८ च्या दरम्यान पांच अजिंक्यपदें आलीं.

या सर्व प्रकरणांत आम्हांस सर्वांत बोधक वाटतें तें १९८० सालचें. कारण त्यांत दोन्ही मार्ग एकाच व्यवहारांत एकमेकांत गुंतले आहेत. गोष्ट एक वर्ष अगोदर सुरू होते. १९७९ सालीं बॉस्टननें डेट्रॉइटचा एक खेळाडू करार संपल्यावर घेतला. त्याच्या भरपाईचा हिशेब करतांना डेट्रॉइटला बॉब मॅकॅडू पाहिजे झाला. मॅकॅडू हा १९७५ सालचा सर्वोत्कृष्ट खेळाडू, गुण मिळविण्यांत नामांकित उंच पुरुष. कसलेला म्हणावा तर असा. त्याच्यासाठीं डेट्रॉइटनें १९८० च्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीचे आपले दोन हक्क बॉस्टनच्या हवालीं केले. घर कोसळत असतां सोन्याचा कळस आणून बसविण्याचा हा प्रकार. १९७९-८० च्या हंगामांत डेट्रॉइट ८२ पैकीं १६ सामने जिंकला. त्यामुळें जो हक्क त्यांनीं देऊन टाकला होता, तो सबंध देशांतला पहिला हक्क ठरला. (मॅकॅडूची यांत चूक नव्हती. पुढें तो लेकर्समध्यें राखीव गडी म्हणून आला आणि दोन अजिंक्यपदांचा वांटेकरी झाला. माणूस तोच, घर वेगळें.)

आतां बॉस्टनपुढें पहिली निवड होती. लॅरी बर्डच्या पहिल्याच हंगामांत त्यांनीं ६१ सामने जिंकलेले. सेंटर डेव्ह कावेन्स थकत चाललेला. पर्ड्यू विद्यापीठाचा जो बॅरी कॅरल हा सात फूट उंचीचा तरुण सर्वांच्या डोळ्यांत भरला होता. गोल्डन स्टेट, म्हणजे तेच पूर्वींचे वॉरियर्स, त्याच्यासाठीं उत्सुक; त्यांचा तिसरा क्रमांक होता. आउअरबाक आतां शिक्षक नव्हते, कारभारी होते. ९ जून १९८० रोजीं त्यांनीं पहिला व तेरावा असे दोन हक्क वॉरियर्सना दिले, आणि बदल्यांत तिसरा हक्क घेतला व त्याबरोबर रॉबर्ट पॅरिश हा सव्वीस वर्षांचा, चार हंगाम खेळलेला सेंटर घेतला. तिसऱ्या हक्कावर केव्हिन मॅकहेल निवडला. पॅरिशला वॉरियर्स कां सोडीत होते ? तो वाईट होता म्हणून नव्हे. त्याच्या भोंवतालीं चांगलें कोणी नव्हतें, संघ हरत होता, आणि हरणाऱ्या घरांत उंच माणसाचा दोष सर्वांआधीं दिसतो. देणारा आपल्या घराच्या दुःखानें देत आहे, मालाच्या खोडीनें नव्हे, हें ओळखणें हीच अदलाबदलीची खरी परीक्षा; आउअरबाक तींत उतरले.

कावेन्सनें ऑक्टोबरांत, हंगाम सुरू होण्यापूर्वींच, निवृत्ति पत्करली. पॅरिश नसता तर बॉस्टनचा मध्य रिकामाच पडला असता. १९८१, १९८४, १९८६ अशीं तीन अजिंक्यपदें या मंडळीनें मिळविलीं. कॅरलविषयीं लोक फार कठोर बोलत. तें अन्यायाचें आहे. त्यानें वॉरियर्ससाठीं कांहीं हंगाम सामन्यागणिक वीसहून अधिक गुण मिळविले, आणि १९८७ च्या ऑल-स्टार संघांतहि त्याची निवड झाली. त्याचा गुन्हा एवढाच कीं दोन मोठ्या खेळाडूंच्या तोलाला तो एकटा पुरला नाहीं; आणि असा तोल कोणी एकटा पेलीत नसतो. तो १९९१ सालीं खेळांतून गेला. पॅरिश १९९७ पर्यंत खेळत राहिला. शेवटच्या हंगामांत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, शिकागोच्या संघाबरोबर त्यानें चौथें अजिंक्यपद पाहिलें.

पोर्टलंडची कथा वाचतांना मुलाच्या पायांची म्हण कोणाहि मराठी वाचकाच्या तोंडीं येईल. १९७४ सालीं त्यांनीं बिल वॉल्टन निवडला. १९७७ सालीं अजिंक्यपद. १९७८ सालीं वॉल्टनचें पाऊल मोडलें आणि सारें संपलें. त्याच्या भरंवशावरच त्यांनीं १९७६ सालीं मोझेस मलोन हा हातीं आलेला एकवीस वर्षांचा सेंटर दुसऱ्यास देऊन टाकला होता. १९८४ सालीं सॅम बोवीला दुसऱ्या क्रमांकावर निवडलें. त्याच्या पायाचें हाड मोडल्यामुळें कॉलेजांतील दोन हंगाम बुडाले होते, म्हणजे येथें पाय पाळण्यांतच दिसले होते. पांच हंगामांत तो त्यांच्यासाठीं १३९ सामने खेळला. तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन शिकागोस गेला. २००७ सालीं ग्रेग ओडेन. त्याचा पहिला सबंध हंगाम गुडघ्याच्या शस्त्रक्रियेंत गेला, आणि पोर्टलंडसाठीं तो एकूण ८२ सामने खेळला, म्हणजे नियमाप्रमाणें एका हंगामाचे होतात तेवढे. आम्ही पोर्टलंडला हंसत नाहीं. पण बोवीचा हक्क त्यांच्याकडे आला कसा, हें फार थोडे सांगतात. १९८१ सालीं इंडियानाच्या संघास एक कसलेला सेंटर तातडीनें हवा होता. त्यांनीं बत्तीस वर्षांचा टॉम ओवेन्स घेतला, आणि १९८४ चा आपला पहिला हक्क पोर्टलंडला दिला. ओवेन्स इंडियानासाठीं एक हंगाम खेळला. तीन वर्षांनीं इंडियाना पुन्हां तळाशीं होता, आणि दुसरी निवड त्याची राहिली नव्हती. तरुणाच्या मागें लागून पोर्टलंड फसला असें म्हणणाऱ्यांनीं कसलेल्याच्या मागें लागलेल्या इंडियानाकडेहि एकदां पाहावें.

पाळण्यांत न दिसलेले पायहि असतात. निकोला योकिच हा सर्बियाचा सेंटर २०१४ सालीं एकेचाळिसाव्या क्रमांकावर डेन्व्हरनें घेतला. त्याचें नांव पुकारलें तेव्हां दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती. तो तीन वेळां सर्वोत्कृष्ट ठरला आणि २०२३ सालीं त्यानें डेन्व्हरला पहिलें अजिंक्यपद दिलें. त्याच्या पुढच्याच वर्षीं बावन्नाव्या क्रमांकावर पंजाबचा सतनाम सिंग डॅलसनें निवडला. हिंदुस्थानांतून निवडला गेलेला तो पहिला खेळाडू, तोहि सेंटरच. त्याला त्या मंडळींत एकहि सामना खेळावयास मिळाला नाहीं. दोघांच्या क्रमांकांत अंतर अकराचें.

या साऱ्या देण्याघेण्यांत ज्याची देवघेव होते त्यास कोणी विचारीत नसे, हें आतांपर्यंत वाचकांच्या लक्षांत आलें असेल. १९७० सालीं खेळाडूंच्या संघटनेनें आपला अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन याच्या नांवें फिर्याद लावली. १९७६ सालीं तडजोड झाली आणि करार संपल्यावर दुसरीकडे जाण्याची वाट खेळाडूंस हळूहळू खुली झाली. त्या वाटेनें १९८२ सालीं मोझेस मलोन निघाला. दोन वेळां सर्वोत्कृष्ट ठरलेला, सत्तावीस वर्षांचा. फिलाडेल्फियानें त्याला मोठें वेतन देऊं केलें. ह्यूस्टननें तेवढें आपणहि देऊं असें म्हणून त्याला राखलें आणि मग एक सेंटर व एक ड्राफ्टचा हक्क घेऊन फिलाडेल्फियाच्याच हवालीं केलें. फिलाडेल्फियाचें घर भरलेलें होतें: ज्यूलियस अर्व्हिंग होता, मॉरिस चीक्स होता, गेल्या सहा वर्षांत तीनदां अंतिम झुंजींत हरले होते. उणा होता तो मधला खांब. १९८३ सालीं ८२ पैकीं ६५ सामने जिंकून, आणि बाद फेरींत एकच सामना हरून, त्यांनीं अजिंक्यपद नेलें. ह्यूस्टन तळाशीं गेला, आणि लागोपाठ दोन वर्षें नाणें त्याच्या बाजूनें पडून त्यास सॅम्पसन व ओलाजुवॉन हे दोन तरुण सेंटर मिळाले. ओलाजुवॉननें १९९४ व १९९५ सालीं दोन अजिंक्यपदें दिलीं. एका व्यवहारांत दोघांचेंहि भलें झालें, असें क्वचित् घडतें. एकास आजचें भलें हवें होतें, दुसऱ्यास बारा वर्षें थांबावयाचें होतें.

परंतु फिलाडेल्फियानें पुढें जें केलें त्याला जोड नाहीं. १९७९ सालीं त्यांनीं जो ब्रायंट (ज्याचा मुलगा कोबी पुढें जगप्रसिद्ध झाला) सॅन डिएगोस दिला होता. बदल्यांत १९८६ चा हक्क घेऊन ठेवला होता. सात वर्षांनीं तो हक्क सोडतींत पहिला निघाला. म्हणजे १९८६ च्या जूनमध्यें या संघाजवळ एकतीस वर्षांचा मलोन होता, आणि ब्रॅड डॉर्टी या तरुण सेंटरला निवडण्याचा पहिला हक्कहि होता. म्हातारा खांब उभा आहे तोंच नवा शेजारीं रोवावा, अशी संधि कोणास मिळते? १६ जून १९८६ या एका दिवशीं त्यांनीं दोन्ही देऊन टाकले. पहिला हक्क क्लीव्हलंडला दिला आणि रॉय हिन्सन व कांहीं रोकड घेतली. मलोनला आणखी एक खेळाडू व ड्राफ्टचे दोन हक्क यांसह वॉशिंग्टनला दिलें आणि जेफ रूलंड व क्लिफ रॉबिन्सन घेतले. रूलंड मलोनहून लहान, दोनदां ऑल-स्टार. पण मागील दोन हंगामांत दुखापतींमुळें अर्ध्याहून कमी सामने खेळलेला. वॉशिंग्टन त्याला कां देत आहे, या प्रश्नाचें उत्तर वर्तमानपत्रांतच छापलेलें होतें. त्या हंगामांत तो फिलाडेल्फियासाठीं पांच सामने खेळला. हिन्सन दीड हंगामांत दुसरीकडे गेला. डॉर्टी पाठीच्या दुखण्यानें खेळ सुटेपर्यंत आठ हंगाम क्लीव्हलंडचा आधार होता.

सात वर्षांनीं, १९९३ सालीं, फिलाडेल्फियाचा संघ पुन्हां तळाशीं आला आणि त्यानें दुसऱ्या क्रमांकावर शॉन ब्रॅडली निवडला. उंची साडेसात फूट. कॉलेजांत एकच हंगाम खेळलेला, आणि मग दोन वर्षें ऑस्ट्रेलियांत धर्मप्रचारासाठीं राहिलेला. या पोरास शिकवावयास कोणी तरी हवें, म्हणून त्यांनीं अडतीस वर्षांच्या मलोनला परत बोलावून घेतलें. तो त्या हंगामांत ५५ सामने खेळला. ब्रॅडली गुडघा दुखावून ४९ खेळला, आणि १९९५ च्या नोव्हेंबरांत अदलाबदलींत न्यू जर्सीस दिला गेला.